फुटाला इंच : ब्रिटिश किनाऱ्यावरच्या मॉडेल व्हिलेजची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मॉडेल व्हिलेजमध्ये, म्हणजे बागेत मांडलेल्या छोट्या घरांच्या प्रतिकृती-गावात, तीन वर्षांचं मूल उभं केलं, तर दुमजली घराचं आढं त्याच्या पोटाच्या थोडं वर येतं. फुटपाथवरचा साहेब असतो १४ सेंटिमीटरचा. मुलांची उंची बघूनच कोणी हे माप ठरवलं असावं, असं वाटतं. ते आलं मात्र सुताराच्या फूटपट्टीवरून. फुटाला एक इंच, म्हणजे १:१२. नऊ फुटांची भिंत नऊ इंचांची करायची, हिशेबाला कागदसुद्धा लागत नाही.

या प्रकारातलं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं गाव समुद्रकाठी नाही. लंडनमधले अकाउंटंट रोलंड कॅलिंगम यांनी ते बीकन्सफील्डच्या आपल्या बागेत वसवलं. बेकनस्कॉट हे त्याचं नाव, साल १९२९. मूळ हौस बागेची आणि आगगाडीची, पाहुण्यांना दाखवण्यापुरती. तिथल्या रेल्वेची एक गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रूळ ‘गेज वन’चे, ४५ मिलिमीटर रुंदीचे. या रुळांना साजेसं माप आहे जवळपास १:३२. म्हणजे घरांच्या मानाने गाडी निम्म्याहून लहान. लहान मुलांना याचं काही पडलेलं नसतं. गाडी चालते आहे ना, मग झालं. पुढे १९३७ मध्ये, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावाची स्थानिक दगडातली १:९ प्रतिकृती उघडली.

समुद्राकडे ही कल्पना सरकली ती सुट्ट्यांमुळे. १९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेचा पाया घातला. लगेच महायुद्ध आल्यामुळे त्याची फळं दिसली १९४५ नंतर. १९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग उठलं आणि कामगार कुटुंबं आठवडाभरासाठी किनाऱ्यावर यायला लागली. उतरायची बोर्डिंग हाउसमध्ये. तिथला रिवाज असा, की नाश्ता झाला की बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या जेवणालाच परतायचं. वाऱ्यात, ढगाळ हवेत, दोन-तीन पोरं घेऊन दिवसभर करायचं काय? तास-दीड तास जाईल आणि खिशाला परवडेल, अशी जागा हवीच होती. पोर्ट्समथजवळ साउथसीला जुन्या लम्प्स किल्ल्याच्या आत १९५६ मध्ये मॉडेल व्हिलेज सुरू झालं. टॉर्कीजवळ बॅबकमला टॉम डॉबिन्स यांचं चार एकरांचं गाव १९६३ मध्ये उघडलं.

उत्तर समुद्राच्या पलीकडे नेदरलंड्समधल्या शेव्हनिंगनचं मादुरोदाम हे असंच प्रतिकृतींचं गाव, १९५२ चं. कल्पना बेकनस्कॉटवरून घेतलेली, कारण मात्र फार वेगळं. जॉर्ज मादुरो हा कुरासाव या कॅरिबियन बेटावरचा विद्यार्थी १९४५ मध्ये डाखाउच्या छळछावणीत वारला. त्याचं स्मारक म्हणून आईवडिलांनी भांडवल दिलं, आणि उत्पन्न क्षयरोगी विद्यार्थ्यांच्या आरोग्यधामासाठी ठेवलं गेलं. माप मीटरवाल्यांचं, १:२५. त्यामुळे माणूस जेमतेम सात सेंटिमीटरचा होतो. तीनच्या आतल्या मुलांना तिथे विमानं आणि बोटी दिसतात, माणसं दाखवावी लागतात. अगदी लहान पोरांना १:१२ चं गावच बरं.

दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरणाऱ्यांना या गावांचं मर्म सांगायला नको. छोट्या घराला छोटी हिरवळ लागते. फरक एवढाच, की किल्ला दिवाळीनंतर मोडतो आणि ही गावं साठ-साठ वर्षं उघड्यावर राहतात. खरं काम आहे ते बागेचं. बुटके सूचिपर्णी वृक्ष हळू वाढतात, वाढायचे थांबत नाहीत. लावताना गुडघ्याएवढा असलेला कोनिका स्प्रूस वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढला, तरी चाळीस वर्षांत दोन मीटरच्या वर जातो. गावाच्या मापात तो २४ मीटरचा आडदांड वृक्ष झाला, शेजारची शाळा त्याच्यापुढे खुराड्यासारखी दिसते. त्यात मधूनच एखादी फांदी मूळ जातीवर जाऊन सरळसोट उसळते. ती वेळीच बुंध्यापासून काढली नाही, तर तीच झाड व्यापते.

किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर. रुळांमधून वीज घेणाऱ्या गाडीला रुळावरचा गंज किंवा ओलं पान पुरतं, ती जागीच थांबते. काँक्रीटच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली, की पाणी शिरतं, थंडीत गोठतं, सुमारे नऊ टक्के फुगतं आणि टवका उडतो. म्हणून बरीच गावं हिवाळ्यात बंद असतात किंवा वेळ कमी करतात, माणसं आणि नाजूक घरं शेडमध्ये जातात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जायचं असेल, तर वेळापत्रक बघूनच निघावं.

या इतिहासाचा मुलांना घेऊन जाताना थेट उपयोग होतो. बागेसाठी आखलेल्या वाटा अरुंद आणि उतरणीच्या असतात, रुंद जुळी बाबागाडी अडते. पावसात आडोसा जवळजवळ नसतोच. कुंपण घोट्याएवढं, कधी तेही नाही. दोन-तीन वर्षांचं मूल हात घालून माणूस उचलणारच. तो खाली खिळीने बसवलेला असतो, ओढला की पाय मोडून हातात येतो. आधीच एक खेळणं मुठीत द्यावं, म्हणजे हात गुंतलेले राहतात. पहिली फेरी आगगाडीमागे धावण्यात जाते, ती जाऊ द्यावी. दुसऱ्या फेरीत स्वतः उकिडवं बसावं. उभ्याने फक्त छपरं दिसतात. दुकानांच्या पाट्यांवरच्या शाब्दिक कोट्या मोठ्यांसाठी आहेत, मुलांना त्या समजावत बसू नये.

सत्तरच्या दशकापासून स्पेनच्या स्वस्त विमानसहलींनी किनाऱ्यावरची गर्दी ओसरली आणि अनेक गावं बंद पडली. राहिली त्यांनी जुनेपणच विकायला काढलं. बेकनस्कॉटने १९९२ मध्ये ठरवून काळाचा काटा मागे १९३० च्या दशकावर नेला, नव्या इमारती काढल्या. बॅबकम मात्र काळाबरोबर बदलत राहिलं. ग्रेट यार्मथच्या मेरिव्हेल या मॉडेल व्हिलेजमध्ये तर ऑगस्ट २०२१ मध्ये बँक्सी या अनामिक भित्तिचित्रकाराने गुपचूप एक छोटा तबेला आणून ठेवला, भिंतींवर स्प्रेची अक्षरं असलेला. जानेवारी २०२२ च्या लिलावात त्याला दहा लाख पौंड आले. शेजारची घरं तिथेच आहेत, त्यांची डागडुजी दर हिवाळ्यात करावी लागते.