छातीतील जळजळ : कोकणातील आहार आणि दिनक्रम

जठरातले आम्ल उलटे वर अन्ननलिकेत चढले की छातीच्या मधल्या हाडामागे आग होते, तिला छातीतील जळजळ म्हणतात. बहुधा ती जेवणानंतर तासाभरात, खाली वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर जाणवते. घशाशी आंबट पाणी येणे, करपट ढेकर, पहाटेचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज ही तिचीच भावंडे. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनारपट्टीवर या सगळ्याला एकच नाव आहे, पित्त; आणि बहुतेक घरांत उपायही एकच, कोकम. नाव आणि उपाय दोन्ही जरा तपासून घ्यावे लागतात. कारण काय खाल्ले याची चर्चा घरोघरी होते. किती वाजता खाल्ले, किती खाल्ले आणि खाऊन झाल्यावर अंग कुठे टाकले, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि जळजळीचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

पित्त म्हणजे नक्की कोणते?

मालवणीत कोणी ‘माका पित्त झाला’ म्हणाले, तर त्याचे निदान चार प्रकारे होऊ शकते. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली असेल तर ते त्वचेवरचे पित्त, म्हणजे ॲलर्जीचा प्रकार. कपाळाची एक बाजू ठणकते, उजेड नकोसा होतो आणि उलटी झाली की बरे वाटते, असे असेल तर ती बहुधा अर्धशिशी. सकाळी उलटीतून हिरवे-पिवळे पडते तो यकृतात तयार होणारा पित्तरस. छातीत आग होते ते आम्ल, आणि ते जठरात तयार होते. चौघांचा उगम वेगळा आणि उपचारही वेगळा, पण शब्द एक असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला बिनदिक्कत दिले जाते.

आयुर्वेदाने या बाबतीत जास्त काटेकोरपणा दाखवला आहे. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात ‘अम्लपित्त’ हा स्वतंत्र रोग म्हणून येतो आणि त्याच्या लक्षणांत कडू-आंबट ढेकरांबरोबर ‘हृत्कंठदाह’, म्हणजे छाती आणि घशाची आग, स्पष्ट सांगितलेली आहे. आजच्या वर्णनाशी ती सहज जुळते.

या शब्दामुळे पडलेली एक वाईट सवय म्हणजे ‘पित्त काढणे’: सकाळी मिठाचे पाणी पिऊन किंवा घशात बोटे घालून मुद्दाम उलटी करणे. त्याने तात्पुरते हलके वाटते, पण ज्या आम्लाने अन्ननलिका पोळते तेच तिच्यावरून पुन्हा एकदा जोराने नेले जाते. दातांवरचे कवचही झिजते ते वेगळेच.

आम्ल वर का येते?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास आला की ते उघडते, एरवी आवळलेले राहते. रिकाम्या जठरातल्या रसाचा सामू (pH; जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो, जठराच्या आत चिकट श्लेष्म्याचा जाड थर असल्याने त्याला हे सोसते, अन्ननलिकेला तसा थर नाही. जठर ताणले गेले की हे वर्तुळ मधूनमधून आपोआप सैल पडते. म्हणून भरपेट जेवण हे पहिले कारण. तेलकट-तुपकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे सैल पडण्याच्या संधी वाढतात. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे वर्तुळ ढिले होते आणि वाढत्या गर्भाचा दाब खालून येतो. त्यात डोहाळे कैरी-चिंचेचे लागतात, हा योगायोग काही सुखाचा नाही. तंबाखू आणि दारू दोन्ही हे वर्तुळ सैल करतात. काहींच्या छाती-पोटामधल्या पडद्यातून जठराचा वरचा भाग थोडा वर सरकलेला असतो, त्यांना त्रास जास्त होतो.

जठराच्या व्रणाची आग ही वेगळी गोष्ट. तिच्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. हा जीवाणू ओळखल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. मार्शल यांनी तर आधी तो स्वतः पिऊन पाहिला होता. व्रणाचे दुखणे वरच्या पोटात होते आणि पुष्कळदा रिकाम्या पोटी किंवा रात्री जागे करते. घशाशी आंबट येणे हे त्याचे मुख्य लक्षण नव्हे.

कोकणातले ताट

कोकम म्हणजे रातांब्याच्या फळाची वाळवलेली साल, घरातले आमसूल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळायचे हा इथला जुना प्रघात. ‘पित्तावर कोकम’ ही ख्याती छातीपर्यंत पोचली ती बहुधा याच वाटेने, एका शब्दाच्या पाठीवर बसून. सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते आणि ती चांगलीच आंबट असते. ज्याची अन्ननलिका आधीच सोललेली आहे त्याला आंबट पाणी झोंबणारच. सोलकढीत नारळाचे दूध पडल्याने आंबटपणा बोथट होतो, पण त्याच दुधात स्निग्धांश असतो, शिवाय कच्ची लसूण आणि हिरवी मिरची. वाटीभर पातळ सोलकढी बहुतेकांना सोसते. जेवणावर दोन-तीन पेले रिचवणे म्हणजे भरल्या जठरात आणखी भर. भातावर ओतून खायची ती चव आहे, तिला औषध समजू नये. ज्यांना ती सोसते त्यांनी ती सोडावी असेही नाही.

माशांचे म्हणाल तर मासा क्वचितच दोषी असतो. कमी तेलातले तिखले (माशाचे तिखट कालवण), आमटीतला सुरमईचा तुकडा हे पोटाला हलके. रव्यात घोळवून तळलेला तोच मासा जड होतो. खरी परीक्षा वडे-सागोतीच्या दिवशी: तळलेले वडे, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण, मालवणी मसाला, आणि आग्रह. मिरचीतले कॅप्सेसिन आम्ल वाढवते म्हणून छळते असे नाही; आधीच पोळलेल्या अस्तरातल्या मज्जातंतूंना ते चेतवते, म्हणून ज्यांना जळजळ आहे त्यांनाच ते जास्त जाणवते. घरातला एकजण तिरफळ-मिरचीचे बांगड्याचे तिखले खाऊन ढाराढूर झोपतो आणि दुसरा उठून बसतो, त्याचे कारण हे. म्हणूनच सर्वांना एकच पथ्याची यादी देणे व्यर्थ. दोन-तीन आठवडे काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि केव्हा आग झाली एवढे वहीत लिहिले, तर आपला आपला गुन्हेगार सापडतो.

काजूगरात वजनाच्या निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. मे महिन्यात ओल्या काजूची उसळ, आमरस-पुरी आणि फणस एकाच दुपारी जमले की संध्याकाळ कठीण जाते. शहाळ्याचे पाणी सौम्य असते, तहान भागवते, जळजळीवर जादू करत नाही. थंड दूध क्षणभर आग विझवते, पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. कोरा चहा काहींना बाधतो, काहींना नाही.

या सगळ्यात सर्वांत बिनबोभाट पदार्थ पेज. उकड्या तांदळाची मऊ, किंचित मिठाची पेज. तिच्यात तेल नाही, मसाला नाही, आणि ती जठरातून लवकर पुढे सरकते. तिच्याबरोबर खारातली मिरची घ्यायची की भाजलेला सुका बांगडा, एवढाच प्रश्न उरतो. नाचणीची आंबील, कुळथाची पिठी आणि मऊ भात, घावन हेही बहुतेकांना चालते. आंबोळी आंबवलेली असते, तरी ती सहसा त्रास देत नाही.

वेळ, कूस आणि उसे

रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर हवे. विजेपूर्वीच्या कोकणात दिवेलागणीनंतर लवकरच पाने मांडली जात. आता मालिका संपल्यावर. जुने सगळे पथ्याचे होते असे मात्र कोणी समजू नये. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी लावली जाणारी मशेरी ही भाजलेली तंबाखूच, आणि तिने आपल्या आज्यांचे किती पित्त खवळवले असेल याची मोजदाद नाही. जळजळीची तक्रार असलेल्या बाईला डॉक्टरने मशेरीविषयी विचारलेच पाहिजे. ती स्वतःहून सांगत नाही, कारण तिच्या लेखी ती तंबाखू नसून दात घासणे असते.

वेळेचा सर्वांत मोठा घात सणावारी होतो. संकष्टीला दिवसभर उपवास, दुपारी साबुदाण्याची खिचडी, आणि चंद्रोदय बहुधा रात्री नऊनंतर. मग नैवेद्य, पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. अशांनी फराळ हलका ठेवून मोदक दोनवर थांबवावेत, आणि जेवल्यावर तासभर तरी बसून काढावा. गणपतीत भजनी मंडळी मध्यरात्रीनंतर एकेका घरी उसळ-पाव आणि चहा घेत फिरतात. जत्रेत दशावतार पाहताना पहाटेपर्यंत भजी आणि खाजे. मुंबईहून रात्रीच्या बसने गावी येणारा चाकरमानी अकराच्या थांब्यावर वडापाव खाऊन कलत्या आसनावर झोपतो आणि पहाटे घसा धरून उतरतो. त्याला वाटते एसीचा गारवा बाधला.

जेवणानंतर शतपावली आणि वामकुक्षी या दोन्ही रीतींत तथ्य आहे. वामकुक्षी म्हणजे शब्दशः डावी कूस. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचे तोंड रसाच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर ते तोंड रसात बुडते. त्यामुळे रात्री झोपतानाही डावी कूस बरी. मात्र दुपारी पाने उचलताच पसरणे यापेक्षा झोपाळ्यावर बसणे अधिक चांगले. वामकुक्षी नावाखाली दोन तास उताणे घोरणाऱ्याला डाव्या कुशीचा लाभ मिळत नाही.

रात्री त्रास होणाऱ्याने पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंमी उंच करावी. त्या पायांखाली दोन-दोन विटा किंवा जांभ्या चिऱ्याचे घडीव तुकडे ठेवले की झाले. कोकणात चिरा शोधायला लांब जावे लागत नाही. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्याने मान वर होते आणि कमरेत घडी पडून पोटावर उलट दाब येतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कमरेपासून वर उतरती फळी किंवा घट्ट गुंडाळलेल्या घोंगड्यांचा उतार करावा. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी फरक जाणवतो. पथ्याच्या कोणत्याही एका पदार्थापेक्षा याचा भरवसा जास्त. नाडी, पट्टा पोटावर आवळू नये.

केव्हा थांबू नये

छातीतली आग दरवेळी आम्लाचीच असते असे नाही. दडपल्यासारखे वाटणे, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ यांपैकी काही असेल, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांना, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये; १०८ वर फोन करावा. वाडीपासून मोठे रुग्णालय तासाभराच्या वाटेवर असते, त्यामुळे इथे दवडलेला अर्धा तास महाग पडतो. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ यांसाठी दुर्बिणीची तपासणी लागते.

खायच्या सोड्याने आम्ल क्षणात मारले जाते, पण त्यात सोडियम बरेच असते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी तो टाळावा. ओमेप्राझोल वर्गातली, आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. ती जळजळ उठल्यावर चघळण्याची वस्तू नाही, आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षे घेण्याचीही नाही.

लावणीचे दिवस

जून-जुलैत कोकणातली जळजळ एका वेगळ्याच कारणाने वाढते. पेज पिऊन लगेच चिखलात उतरायचे आणि तासन्‌तास कमरेत वाकून रोपे लावायची. भरलेले पोट दाबले गेले की आंबट पाणी घशाशी येणारच. न्याहारी दोन भागांत विभागली, पहिला बांधावर येण्याआधी तासभर आणि उरलेली मधल्या सुटीत, तर पुष्कळ फरक पडतो. संध्याकाळी कंबर धरते म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणखी सोलतात. त्यातच लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते, साधारणतः आठवड्यातून एकदा. ही गोळी कोरड्या घोटाने घेऊन लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेतच चिकटते आणि तिथे व्रण करते. गिळताना सुरी फिरावी तसे दुखते आणि घरात त्यालाही पित्तच म्हणतात. गोळी सोडायची नाही, कारण लेप्टो जिवावर बेततो. ती काहीतरी खाल्ल्यावर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यावी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास पाठ टेकू नये.