अमेरिकन लाँग रायफल

अमेरिकन लाँग रायफल ही अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन भाषिक कारागिरांच्या हातून घडलेली ठासणीची बंदूक असून, लांब सडसडीत नळी आणि त्या नळीच्या आतून पीळ घेत गेलेल्या खाचा ही तिची ओळख आहे. ‘केंटकी रायफल’ हे तिचे नाव अधिक गाजले असले, तरी तिची जन्मभूमी केंटकी नव्हे. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतील केंटकीच्या शिकाऱ्यांचे गुणगान करणाऱ्या एका लोकप्रिय गीतामुळे ते नाव लोकांच्या तोंडी बसले.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून येऊन पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या बंदूककारांनी ‘येगर’ ही आखूड नळीची, मोठ्या गोळीची शिकारी रायफल सोबत आणली होती. मात्र दीर्घकाळ जंगलात राहणाऱ्या शिकाऱ्याला शिसे आणि बंदुकीची दारू स्वतःच वाहून न्यावी लागे. एक पौंड शिशातून ०.६० इंच व्यासाच्या जेमतेम २१ गोळ्या ओतता येतात, तर ०.४५ इंचाच्या सुमारे ५१. त्यामुळे नळीचे छिद्र लहान होत गेले, आणि नळी ४२ ते ४६ इंच किंवा त्याहूनही लांब झाली. लांब नळीमुळे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या दोन्ही दर्शकांमधले अंतर वाढून नेम धरणे सोपे झाले.

नळी घडवणे हा या कारागिरीचा गाभा होय. लोखंडाची जाड पट्टी भट्टीत तापवून सळईभोवती गुंडाळली जाई आणि एका वेळी काही इंच याप्रमाणे तिच्या कडा घणाने ठोकून जोडल्या जात. एका ठिकाणी जरी सांधा कच्चा राहिला, तरी बार उडताना नळी तिथेच फाटण्याचा धोका असे. पुढे लांब गिरमिटाने छिद्र साफ केले जाई, आतून ताणून धरलेल्या दोऱ्याच्या आधाराने नळीचा बाक शोधून हलक्या ठोक्यांनी तो काढला जाई आणि बाहेरचे आठ पैलू कानशीने घासले जात. खाचा पाडण्याचे साधन तर थक्क करणारे आहे. एका लाकडी दंडगोलावर पीळदार चर कोरलेले असत. तो पुढे-मागे ओढला की खाचेच्या पट्टीत अडकून आपोआप फिरे, आणि त्याला जोडलेल्या गजाच्या टोकावरचे छोटे दातेरी पाते नळीतून तोच पीळ गिरवत जाई. प्रत्येक फेरीत केसाएवढेच लोखंड निघे. खाच आणखी खोल व्हावी म्हणून पात्याखाली कागदाचा तुकडा सरकवला जाई. साधारणतः सात खाचा असत आणि सुमारे ४८ इंचांत एक पूर्ण फेरा होई. गोळी छिद्रापेक्षा किंचित लहान असे. चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ती ठासली की कापड खाचांत घट्ट बसे आणि गोळीला पीळ देई.

सारेच काम एका छपराखाली होत असे, असे मात्र नाही. काही कारागीर पाणचक्कीवर तयार झालेल्या नळ्या विकत घेत, आणि चकमकीचे कुलूप, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडवणारी यंत्रणा, तर अनेकदा इंग्लंड किंवा जर्मनीहून येई. कारागिराची खरी सही दिसते ती लाकडी दस्त्यात. दस्ता बहुधा वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषा असलेल्या मॅपलचा असे. त्याला लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावून निखाऱ्याजवळ धरले की या रेषा गडद तांबूस होऊन उठून दिसत. दस्त्याच्या उजव्या अंगाला गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या ठेवण्याची लहान पेटी असे. तिचे झाकण आधी सरकते लाकडी होते, पुढे बिजागरीचे पितळी आले. लँकेस्टरच्या कारागिरांनी या पितळेच्या टोकाला डेझीचे फूल कोरले. लीहाय खोरे, रेडिंग, यॉर्क आणि बेडफर्ड येथील घराण्यांनीही आपापले वळण जपले, म्हणूनच सही नसलेल्या बंदुकीचा प्रदेशही जाणकार दस्त्याच्या उतारावरून सांगू शकतो.

जॉन श्रीट याच्या १७६१ साल कोरलेल्या रायफलीची गणना नाव आणि साल दोन्ही असलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात रायफलींत होते. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) आणि क्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) वसाहतीतील आंद्रेआस आल्ब्रेख्ट व क्रिश्चन अर्टर हे या परंपरेतील मातब्बर कारागीर होत.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १४ जून १७७५ रोजी, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँटिनेंटल काँग्रेसने रायफलधाऱ्यांच्या तुकड्या उभारण्यास मान्यता दिली. तरीही या बंदुकीने युद्ध जिंकून दिले ही समजूत अतिशयोक्त आहे. ती २०० यार्डांवर नेम साधत असली, तरी भरायला मस्केटपेक्षा (आतून खाचा नसलेल्या सैनिकी बंदुकीपेक्षा) बराच अधिक वेळ लागे आणि तिला संगीन लावण्याची सोय नसे.

एकोणिसाव्या शतकात आघाती टोपी (ठोका बसताच पेटून बार उडवणारी छोटी धातूची टोपी) आल्यावर असंख्य जुन्या बंदुकांचे चकमकीचे कुलूप बदलण्यात आले. पुढे संग्राहकांसाठी त्यांतल्या कित्येकांना पुन्हा चकमक बसवली गेली. म्हणून अशी बंदूक पारखताना रंजकाच्या कानाजवळचा (नळीतील दारू पेटवणाऱ्या बारीक छिद्राजवळचा) भाग बारकाईने पाहावा लागतो: मूळ चकमक असलेल्या नळीवर तिथे रंजकाच्या धगीने पडलेले खड्डे दिसतात, आणि कुलपाच्या पट्टीवर बुजवलेली छिद्रे आढळली तर ती बदलाची खूण असू शकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर यांनी जुन्या अवजारांनी कुलूप, नळी व दस्ता यांसह संपूर्ण रायफल स्वतःच्या हातांनी घडवली, आणि पोथ्यांतून व जुन्या वस्तूंतूनच उरलेली ही विद्या पुन्हा भट्टीवर आली.