मिसुरी आणि विस्कॉन्सिन: बिनसलं कशावरून?

अमेरिकेतल्या ल्युथरनांचा (मार्टिन ल्युथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचा) विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच: ‘विस्कॉन्सिन सिनॉड म्हणजे मिसुरी सिनॉडचीच जास्त कर्मठ शाखा.’ शाखा कसली? सिनॉड म्हणजे मंडळ्यांचा, स्थानिक चर्चांचा संघ. मिसुरी १८४७ची, विस्कॉन्सिन १८५०ची, दोघी मुळापासून वेगळ्या. आणि नावं राज्यांची असली तरी मंडळ्या देशभर आहेत.

जर्मनीतल्या सॅक्सनीतून आलेले लोक आणि पहिले अध्यक्ष वॉल्थर, ही मिसुरीची कथा. तमिळनाडूत कृष्णगिरीला १८९५ मध्ये आलेले मिशनरीही मिसुरीचेच. गंमत म्हणजे सुरुवातीला सैल होती ती विस्कॉन्सिन. ल्युथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) यांची मोट बांधणाऱ्या जर्मन मिशन संस्थांशी तिचं जमायचं, म्हणून मिसुरीवाले नाक मुरडायचे. पुढे ती कडक झाली, १८७२ मध्ये दोघी सिनॉडिकल कॉन्फरन्स या ल्युथरन सिनॉडांच्या महासंघात एकत्र आल्या आणि १९६१ मध्ये विस्कॉन्सिनने संबंध तोडले.

‘स्त्री-पाळकांवरून तोडले’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्त्रियांना पाळकपद दोघीही देत नाहीत. मंडळीच्या सभेत स्त्रियांना मत द्यायची मुभा मिसुरीने दिली ती १९६९ मध्ये, म्हणजे फाटल्यावर.

खरी मेख आहे सहभागितेत, म्हणजे कुणाबरोबर मिळून उपासना करायची यात. शिकवणीत एकमत नसेल तर प्रभुभोजन एकत्र नाही, एकमेकांच्या उपदेशपीठावर चढायचं नाही, इथवर दोघींचं एकच म्हणणं. मग प्रार्थना? मिसुरी म्हणते, ती बाब निराळी, प्रसंग बघून ठरवू. विस्कॉन्सिनला हे साफ नामंजूर: विश्वास एकत्र प्रकट करायचा तर सगळा, नाहीतर मुळीच नाही. त्यात वेदी (म्हणजे प्रभुभोजन), उपदेश, प्रार्थना अशी वाटणी नाही. आधार बायबलमधलं रोमकरांस पत्र १६:१७: शिकवणीविरुद्ध फूट पाडणाऱ्यांपासून दूर राहा. म्हणून दोन्हीकडचे पाळक एका बैठकीला आले, तरी विस्कॉन्सिनवाला सुरुवातीच्या प्रार्थनेत सामील होत नाही. अमेरिकी सैन्यात मिसुरीचे चॅप्लेन (सैनिकांचे पाळक) आहेत, विस्कॉन्सिनने कित्येक दशकं पाठवले नाहीत. मला ही भूमिका जाचक वाटते, पण मिसुरीच्या ‘प्रसंग बघून’पेक्षा ती सरळ आहे हे मान्य करावंच लागतं.

आता लगेच मिसुरीला उदारमतवादी ठरवू नका. सप्टेंबर २००१ मध्ये यँकी स्टेडियममधल्या सर्वधर्मीय कार्यक्रमात तिचे पाळक डेव्हिड बेंकी यांनी प्रार्थना केली. त्यावरून २००२ मध्ये त्यांना निलंबित केलं गेलं. अपिलात ते परत आले २००३ मध्ये.