ब्रोकोलीवरची अळी: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

कुंडीतल्या ब्रोकोलीचं एक पान उजेडासमोर धरून बघा. वरवर धड वाटणाऱ्या पानात मधेच काचेसारख्या पातळ खिडक्या दिसतात. गर खाल्लेला आणि वरचा पापुद्रा तेवढा उरलेला. पान उलटलं की नखाएवढी हिरवी अळी सापडते. काडीनं डिवचलं तर ती वळवळत मागे सरकते आणि बारीक धाग्याला लोंबकळत खाली उतरते. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी.

कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली ही चारही एकाच रानटी वनस्पतीची लेकरं. कुणी पानं मोठी होणारी झाडं निवडत गेलं, कुणी खोड फुगणारी. इटलीतल्या माळ्यांचं लक्ष गेलं कोवळ्या फुटव्यांकडे आणि न उमललेल्या कळ्यांकडे. नावही तिथलंच, इटालियन भाषेतल्या कोंबावरून आलेलं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हिला ‘इटालियन शतावरी’ म्हणत. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर लागवड व्हायला मात्र १९२० चं दशक उजाडलं. सिसिलीतल्या मेसिनाहून आलेल्या दॅरिगो बंधूंनी कॅलिफोर्नियात पीक घेतलं आणि थेट बोस्टनच्या बाजारात पाठवलं.

पण या झाडाचा खरा इतिहास माळ्यांच्याही आधीचा आहे, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. मोहरीच्या कुळातल्या या झाडांच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळे साठवलेले असतात. पान चावलं गेलं की ते एकत्र येतात आणि मोहरीसारखं झणझणीत तेल तयार होतं. बहुतेक किड्यांना ते सोसत नाही. काही मोजक्या किड्यांनी मात्र ते पचवायची युक्ती साधली, आणि मग झाडाचं हे हत्यारच त्यांच्यासाठी घरचा पत्ता ठरलं. १९१० मध्ये व्हर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं एरवी अळ्या ज्याला तोंडही लावत नाहीत अशा पानांना मोहरीतला हा घटक चोपडला. कोबीवरच्या फुलपाखराच्या अळ्यांनी ती पानं खाल्ली! म्हणजे आपल्या कुंडीत कीड येते ती आपण काही चुकलो म्हणून नव्हे. झाडाच्या वासानंच तिला वाट दाखवलेली असते.

माणसानं यावर विषाचा उतारा शोधला. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये कळला आणि १९५३ मध्ये जावा बेटावरच्या लेंबांगला चौकोनी ठिपक्यांचा पतंग त्याला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. जेमतेम चौदा वर्षं. मग भिस्त आली बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या जिवाणूवर. १९०१ मध्ये जपानात रेशमाच्या किड्यांच्या रोगात तो सापडला होता, १९११ मध्ये जर्मनीत पुन्हा हाती लागला आणि १९३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये विक्रीलाही आला. माणसाला निर्धोक, अळीला घातक. पण १९९० मध्ये हवाईच्या मळ्यांतून याच पतंगानं बीटीलाही प्रतिकार केल्याची बातमी आली. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेल्या अळ्यांचीच पिढी वाढते.

म्हणून घरच्या चार झाडांसाठी मी आधी जाळीचं नाव घेईन. रोप लावल्या दिवशीच बारीक जाळी घातली तर पतंगाला अंडी घालायला पानच मिळत नाही. मग एक दिवसाआड पानं उलटून अळ्या वेचाव्यात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निघतो. बीटी लागलंच तर अळ्या लहान असताना, संध्याकाळी फवारावं, कारण कडक उन्हात त्याचा प्रभाव लवकर उतरतो. गड्डा कापल्यावर थोडा वेळ मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला की कळ्यांत दडलेल्या अळ्या वर येतात.

वेचताना एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. कोबीवरच्या फुलपाखराच्या मरगळलेल्या अळीला चिकटून तांदळाच्या कण्यांएवढे पिवळे कोष दिसले, तर ते अळीचे नाहीत. ती एका इवल्या परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं. कोबीवरचं फुलपाखरू १८६० च्या सुमारास कॅनडात पोचलं, तेव्हा त्याच्या बंदोबस्तासाठी १८८० च्या दशकात हीच माशी मुद्दाम युरोपातून अमेरिकेत नेली होती. ते पान तसंच राहू द्या.