हळहळ आणि पश्चात्ताप

आमच्या खान्देशात कुणी वारलं की गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीच्या, आधी एकदा द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांना भेटायला, जाऊन यावं लागतं. मागे चोपड्याकडच्या एका गावी असाच बसलो होतो. गेलेले गृहस्थ पंचक्रोशीत नावाजलेले वहीगायक, म्हणजे ‘वही’ ही आमच्याकडची लोकगीतं गाणारे. शेवटची दोन-तीन वर्षं मात्र पिऊन कार्यक्रमाला यायचे, मधेच शब्द विसरायचे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हसण्यासाठी फिरला. तो फिरवणारेच आता सतरंजीवर मान खाली घालून बसले होते. ‘‘भलता गुनी माणूस व्हता हो,’’ एक जण म्हणाला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. रात्री तोच व्हिडिओ परत आला, या वेळी वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून.

ही हळहळ. तिला आपण सर्रास पश्चात्ताप समजतो. ‘‘वाईट व्हयनं’’ म्हणताना वाईट कुणी केलं, हे सांगावं लागत नाही. पश्चात्तापाला मात्र ‘मी’ म्हटल्याशिवाय तोंडच फुटत नाही.

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचं असंच झालं. 2008 साली एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवणारी ही बाई पुढे दारू आणि नशेपायी टीव्हीवरच्या विनोदवीरांचं हुकमी गिऱ्हाईक झाली. 18 जून 2011 ला बेलग्रेडच्या मंचावर ती झोकांड्या खात होती, शब्द विसरत होती आणि लोकांनी हुर्यो उडवली. 23 जुलैला ती गेली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. आठवड्याभरात तिचा 2006 चा अल्बम ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर. विकत घेणाऱ्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दुःखात हुर्यो कुणी केली, याचा हिशेब कुठेच नव्हता.

हळहळीला माणूस मरावा लागतो. पश्चात्तापाला तशी अट नाही, उलट समोरचा जिवंत असला तर बरंच. अमेरिकी पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सची 2007 च्या सुमारास जगभर टर उडवली गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये तिचा एकेकाळचा प्रियकर, गायक जस्टिन टिंबरलेक याने तिची आणि गायिका जॅनेट जॅक्सनची जाहीर माफी मागितली. एका माहितीपटामुळे त्याच्यावर टीकेची झोड उठल्यावर मागितली, हेही खरं. तरी ती ऐकायला दोघी हयात होत्या, एवढं तरी त्याच्या पदरात टाकू.

मेल्यानंतर पश्चात्ताप होतच नाही असं नाही. 31 ऑगस्ट 1997 ला ब्रिटनची प्रिन्सेस डायना गेली, तेव्हा छायाचित्रकार तिच्या गाडीच्या मागे होते. राजवाड्यापुढे फुलांचा खच पडला. त्या फुलांपेक्षा मला एक रुक्ष गोष्ट महत्त्वाची वाटते: ब्रिटिश वृत्तपत्रांची आचारसंहिता जानेवारी 1998 पासून बदलली, पिच्छा पुरवण्याबद्दलचे नियम कडक झाले. पुढे ते किती पाळले गेले, तो वेगळा विषय.

हळहळ मात्र लवकर कंटाळते आणि दुसरा माणूस शोधते. 14 जून 2020 ला सुशांतसिंह राजपूत गेला. त्याच्या नावाने मेणबत्त्या लावणाऱ्या हातांनीच त्याच्या मैत्रिणीची वाट्टेल तशी टवाळी केली. तेव्हा चौकात, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

आता चोपड्याचं. तो व्हिडिओ मी फक्त पाहिला होता, अशी माझी पक्की समजूत होती. परवा फोन चाळला तर मीही पाच जणांना पाठवलेला निघाला, खाली हसणारे तीन चेहरे टाकून. व्हिडिओत त्या गायकाच्या मागे साथ करणारे एक वयस्कर गृहस्थ दिसतात. शब्द अडला की हळूच पुढचा पुरवतात. ते अजून आहेत, गाव तेच. मी अजून गेलेलो नाही.