काखेतला कळसा

नवरात्रात आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी मुलं गरबा खेळून मध्यरात्रीनंतर परततात. परवा भाची आली ती घामाने निथळत. शेजारी बसली, पण वास म्हणाल तर नाही. भाचा त्या रात्री गेलाच नव्हता. खुर्चीवर टाकलेलं त्याचं भाड्याचं केडियुं (गरब्याचा घेरदार अंगरखा) मात्र खोलीभर घमघमत होतं. "मेला आंघोळ करत नाही," आई म्हणाली. बिचारा दोनदा करतो.

घामाला मुळात वास नसतोच. अंगभर पसरलेल्या 20 ते 40 लाख ग्रंथी शरीर थंड करायला जवळजवळ निव्वळ खारं पाणी सोडतात. भाची निथळत होती ती त्यानेच. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि मुलाखतीच्या धास्तीनेही पाझरतात. त्यांचा घट्टसर स्रावही बाहेर येताना बिनवासाचाच. तो फोडतात काखेतले जिवाणू. स्टॅफिलोकॉकस होमिनिसच्या हाती लागला की गंधकाचा, कांद्यासारखा वास सुटतो. कोरिनेबॅक्टेरियममुळे उग्र, बोकडासारखा.

केडियुंचा दोष कापडाचा. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण वासाचे तेलकट रेणू धरून ठेवतं. त्यात आरसे-भरतकाम, म्हणून कुणी धूत नाही. नुसतं वाळवायचं, वर डिओ मारायचा. (त्यापेक्षा न्हाव्याकडची तुरटी बरी, ती जिवाणूंनाच आवरते.)

एबीसीसी 11 या जनुकात एका अक्षराचा फरक असला, तर जिवाणूंचा कच्चा माल काखेत पोचतच नाही. बहुतेक कोरियन लोक असे असतात. त्यांच्या कानातला मळही कोरडा, भुसभुशीत असतो. म्हणजे ज्याला आपण स्वच्छता म्हणून मिरवतो, त्यातलं काही निव्वळ वारशात मिळालेलं. उलट काहींचं यकृत ट्रायमिथाइलअमाइन हे वासाचं रसायन नीट मोडू शकत नाही. त्यांच्या घामाला, श्वासाला मासळीचा वास येतो, साबणाने तो जात नाही आणि लोक मात्र 'घाणेरडा' म्हणून मोकळे होतात.

सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांत सोडून देतं. त्यामुळे शेअर रिक्षात शेजारचा तोंड फिरवतो, वर्गात बाक बदलला जातो, पाठीमागे कुजबुज होते. ज्याच्याबद्दल ती चालते त्याला मात्र पत्ता नसतो. काखेत कळसा, तोही अक्षरशः.

भाच्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. त्याने केडियुंची बाही नाकाशी धरली, दोनदा हुंगली.

"मामा, मला तर काहीच येत नाही."