गिटारच्या शिसवाला कागद का लागतो

गिटारची पाठ आणि बाजू शिसवाच्याच हव्यात, हा आग्रह मुळात ब्राझीलच्या शिसवामुळे रुजला. १९६०च्या दशकात ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीला आळा घातला आणि १९६९मध्ये गिटार बनवणारी अमेरिकेची मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. ११ जून १९९२ रोजी ब्राझीलचे झाड साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या पहिल्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्याचा व्यापार जवळपास बंदच झाला. तेव्हापासून मोठा भार आपल्या भारतीय शिसवावर आहे.

हा भार किती, ते एका पाठीवरून कळते. पाठीला दोन फळ्या लागतात. प्रत्येक सुमारे २१ सेंमी रुंद, ५५ सेंमी लांब, ४ मिमी जाड. रेषा उभ्या हव्यात म्हणून फळी ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे काढावी लागते. मधला भुसभुशीत भाग आणि सालीलगतचे पांढरे लाकूड सोडले की ५५ ते ६० सेंमी व्यासाचा ओंडका हवा. शिसव इतके जाड व्हायला कित्येक दशके जातात. शिवाय दर कापाला १ ते दीड मिमी लाकूड भुशात जाते, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. तीन-चार तुकडे जोडून केलेली पाठ बारीक ओंडक्यातूनही निघते. गिऱ्हाइकांनी तिला कमी दर्जाची समजणे सोडायला हवे.

अमेरिकेने २००८मध्ये लेसी कायद्याची व्याप्ती वाढवली. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेले लाकूड तिथेही बेकायदा ठरू लागले. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीवर २००९मध्ये मादागास्करच्या एबनी या काळ्या, कठीण लाकडासाठी, तर ऑगस्ट २०११मध्ये भारतातून गेलेल्या एबनी आणि शिसवाच्या फिंगरबोर्ड-पट्ट्यांसाठी (फिंगरबोर्ड म्हणजे तारांखालची, बोटे दाबायची पट्टी) छापे पडले. दुसऱ्या प्रकरणाचे मूळ जाडीत होते. भारतातून कापीव लाकूड बाहेर पाठवायला मनाई होती, ६ मिमीपर्यंतचे व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चालत होते, आणि या पट्ट्या सुमारे १० मिमीच्या होत्या. कागदोपत्री त्याच मालाला एका ठिकाणी वाद्याचे तयार भाग म्हटले होते, दुसऱ्या ठिकाणी व्हीनियर. २०१२मध्ये ३ लाख डॉलर दंडावर तडजोड झाली, तीही मादागास्करच्या लाकडावरून. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणात विसंगती असल्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले.

२ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया, म्हणजे शिसवाच्या, गटातली उरलेली सगळी झाडे साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे त्यांच्या व्यापाराला परमिट लागू लागले. शिसव आणि शिसम ही दोन वेगळी झाडे असली, तरी दोन्ही यात आली. रोख फर्निचरच्या प्रचंड मागणीवर होता. झळ वाद्यांनाही बसली. एका अकूस्टिक गिटारमध्ये शिसव जेमतेम एक किलो भरते: पाठ आणि बाजू मिळून साधारण ६५० ग्रॅम, फिंगरबोर्ड दीडशेच्या आत. पण १० किलोपर्यंतच्या लाकडाला परमिटातून असलेली सूट विक्रीच्या मालाला नव्हती, त्यामुळे परदेशी पाठवायच्या प्रत्येक गिटारमागे परमिट आले. फेंडर कंपनीने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारांना शिसवाऐवजी पाओ फेरो हे दुसरे लाकूड लावले ते याच वर्षी.

२६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग या परमिटातून सुटले. स्पीकर आणि टर्नटेबल मात्र वाद्यांत मोडत नाहीत. त्यांना परमिटातून सूट १० किलोपर्यंतच आहे आणि मोजायचे ते फक्त शिसवाचे वजन. दीड चौरस मीटर पृष्ठभागाच्या स्पीकरला ०.६ मिमी व्हीनियर लावले तर पाऊण किलोच शिसव लागते. उलट ४५ × ३६ × ८ सेंमीचा टर्नटेबलचा भरीव तळ एकटाच ११ किलो भरतो. महागड्या ध्वनियंत्रांत भरीव शिसवापेक्षा व्हीनियर घेणे म्हणूनच शहाणपणाचे, आणि ते झाडाच्याही भल्याचे.

नाशिकमध्ये याहून जवळचा पर्याय आहे: जुने नाशिक आणि पंचवटीतले वाडे उतरवताना निघणारे सागवान. साग साइट्सच्या यादीत नाही. इलेक्ट्रिक गिटारची ४५ मिमी जाड बॉडी किंवा टर्नटेबलचा तळ त्यातून उत्तम होतो. फाडण्याआधी तुळईवर मेटल डिटेक्टर फिरवावा; आत मोडलेला एक खिळा आरीचे पाते घालवतो. खिळ्याभोवती लोखंडामुळे पडलेला काळा डाग पॉलिशखालूनही दिसतो, तेवढा भाग कापूनच टाकावा. सागात तेल असते, म्हणून जोड ताजा रंधून, अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवावा. दुसऱ्या दिवसावर ठेवला तर पुढे सुटतो.

लाकडातले पाणी ८ ते १० टक्क्यांवर येईपर्यंत थांबावे. श्रावणात रंधलेला फिंगरबोर्ड एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतो आणि फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बाहेर येऊन बोटांना लागतात.

वनखात्याच्या डेपोतून लिलावात घेतलेल्या सागाबरोबर बिल आणि वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, असते. वाड्याच्या लाकडाचे कागद आपणच जमवायचे: तुळई जागेवर असतानाचा फोटो, पाडकामाच्या परवानगीची प्रत, घनफूट लिहिलेले कंत्राटदाराचे बिल. अमेरिकेत माल पाठवताना लाकडाचे शास्त्रीय नाव, झाड तोडले तो देश आणि प्रमाण जाहीर करावे लागते, आणि तुळईच्या एकदा फळ्या झाल्या की त्या कोणत्या वाड्यातल्या, हे लाकडावरून सांगता येत नाही.